काडेपेटीतलं जावळ

नासारियाच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की कारखान्याच्या भोंग्यानेही गप्प बसावं. यानामायो गावात शिसं गाळायचा कारखाना आहे. त्याच्या फाटकाशी ती बार्ली-जवसाचा गरम काढा विकायची. पाळी सुटली की मजुरांना काढ्याबरोबर शिव्या फुकट. "पी रे मुडद्या! तोंडाला धुराचा वास घेऊन गेलास तर बायको उंबरठ्यावरच झोपवेल!" म्हणून तर जनसुनावणीत बोलायला वस्तीने तिलाच उभं केलं. धुराची गाळणी बसवायला कारखाना आणखी मुदत मागत होता, आणि तिच्या एकुलत्या एका पोराच्या, एल्मेरच्या रक्तात शिसं निघालं होतं. ज्याचं जळतं त्याला कळतं. तिच्याहून लायक कोण होतं?

ही बाई ऐन वेळी मूग गिळून बसेल, असं कुणाच्या स्वप्नात तरी आलं असतं का!

झालं असं, की सुनावणीच्या सकाळी सेवेरो तिच्या दारात आला. सेवेरो भट्टीवरचा मुकादम, पण त्याआधी एल्मेरचा धर्मपिता. पोराच्या जावळाची पहिली बट त्यानेच कापली होती, वर एक मेंढी दिली होती. आमच्याकडे जावळाला कात्री लावणारा कोम्पाद्रे होतो, पोराची आई त्याची कोमाद्रे, आणि दोन घरं जन्माची बांधली जातात. सख्ख्या भावाला कोर्टात खेचा, लोक चार दिवस बोलतील. पण कोम्पाद्रेला चारचौघांत मान खाली घालायला लावली, तर देवही माफ करत नाही.

दारापुढे कारखान्याची गाडी उभी होती. आत साहेबांचा ड्रायव्हर, काच खाली करून बसलेला. सेवेरोने टोपी काढली आणि एक काडेपेटी तिच्या तळहातावर ठेवली.

"कोमाद्रे, हे एल्मेरचं जावळ. इतकी वर्षं जपलं. आज तुमच्यापाशी असू द्या."

"अहो कोम्पाद्रे, आत तर या! सूप उकळतंय."

"नको. मी पुढच्या रांगेत असेन."

एवढंच बोलून तो गाडीत बसला. नासारिया काय ते समजली. नात्याची आठवण करून देतोय, दुसरं काय?

शाळेच्या पटांगणात तिचं नाव पुकारलं गेलं. समोर सेवेरो, तिच्याकडेच टक लावून. झग्याच्या खिशात काडेपेटी. तिची जीभ टाळ्याला चिकटली. "आम्ही गरीब माणसं," ती कशीबशी म्हणाली, "काम पण पाहिजे, औषध पण पाहिजे." आणि खाली बसली.

"अगं नासारिया, जीभ काय काढ्यात उकळलीस?" मागून कुणीतरी ओरडलं. कुणी हसलं नाही. कारखान्याला मुदत मिळाली.

त्यानंतर मजूर काढा प्यायचे, पैसे ठेवायचे, निघून जायचे. तिच्या शिव्या आटल्या, त्यांची थट्टाही. एल्मेर उंच झाला, पण शिशापायी अक्षर काही त्याच्या डोक्यात टिकेना.

मग सेवेरो निवृत्त झाला आणि एका रविवारी खोकत खोकत आला. या खेपेला दारात गाडी नव्हती.

"कोमाद्रे, त्या जावळाचं काय केलंत?"

"काय करणार? मेरीमातेच्या तसबिरीमागे ठेवलंय."

"म्हणजे त्या डॉक्टरीणबाईंना दाखवलंच नाहीत?"

"कोणत्या?"

"लिमाहून सुनावणीला आल्या होत्या त्या! केसांत शिसं सापडतं म्हणे. कारखाना म्हणत होता, पोराला शिसं दुसरीकडे कुठेतरी लागलं. अहो, ते जावळ पहिल्या वर्षाचं! तोवर पोराने गावाची वेस तरी ओलांडली होती का? पण ड्रायव्हर कान टवकारून बसलेला, नोकरी जाईल म्हणून बोललो नाही. पुढे बसलो ते तुम्हाला धीर यावा म्हणून."

नासारियाने तसबिरीकडे पाहिलं. "मला वाटलं, तुम्ही गप्प बसा म्हणताय."

"मी? अहो, पोराच्या जावळाला कात्री लावलीय मी!"

तिने तसबिरीमागची काडेपेटी काढली. एवढ्यात एल्मेर सरपण घेऊन आला आणि त्याने ती उचलली.

"थांब, सांगू नकोस. मी वाचतो." पेटीवर 'तीन तारे' असं ठळक छापलं होतं. "ती... ती..." ओठावर मिसरूड फुटलेला तो पोरगा बोट फिरवत राहिला. "ती..."

कोम्पाद्रे आणि कोमाद्रे, दोघंही मान खाली घालून थांबले होते.