चपलांजवळचा सबक

"पिंजाऱ्यानं कापूस पिंजायचा. शब्द नाही."

चाचासाहेबांनी एवढंच म्हटलं. मान वर न करता. मी बैठकीच्या दारात उभी. धुतलेलं तोंड, तेल चोपडून घट्ट घातलेली वेणी, छातीशी धरलेली पाटी. आत सतरंजीवर त्यांच्या घरची मुलं बसलेली. एकजण फिस्सकन हसला. मग सगळेच हसले. मग मीही हसले.

होय, मीही हसले! आता आठवलं की त्या पोरीच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो. अगं बये, कुणाला हसतायत ते तरी बघ. पण मोठ्या घरची माणसं हसली की आपणही हसायचं, एवढं पाठ होतं मला. अर्थ कळायची गरज नव्हती. माझं सगळं शिक्षणच तसलं होतं.

ही कोल्हापुरातली गोष्ट, सत्तर सालाच्या आगंमागं. आम्ही पिंजारी. अब्बा कापूस पिंजून गाद्या भरायचे. दिवसभर घरात पिंजायच्या धनुकलीच्या तांतीचा टणटण आवाज, डाळीत कापूस, केसात कापूस. घरात बोलणं मराठी. गल्लीच्या तोंडाशी इनामदारांचं घर. इनाम कधीच गेलं होतं, मान मात्र तशीच ताठ. ते उर्दू बोलायचे, आणि आमच्याबद्दल म्हणायचे, "घरात मराठी बोलतात हे. नावापुरते मुसलमान."

तरी गल्लीतल्या आम्ही पोरी अरबी वाचायला त्यांच्याच घरी जायचो, इनामदारांच्या बीबीसाहेबांकडं. रीतच होती ती. आधी अंगण झाडायचं, पाणी भरायचं, मसाला कुटायचा. मग पडवीत, चपला काढतात तिथं बसून सिपारा, म्हणजे कुराणाचा एकेक भाग, वाचायचा. मोठ्यानं, सुरात, चूक न करता. अर्थ मात्र कुणी सांगायचं नाही. "वाचलं की सवाब मिळतो," बीबीसाहेब म्हणायच्या. सवाब म्हणजे पुण्य. अर्थ हे मोठ्यांचं काम. आणि पिंजाऱ्याच्या घरात मोठं कुणी जन्मत नसतं.

माझा गळा बरा होता. बरा कसला, मला वाटायचं आभाळातले फरिश्ते हातातली कामं टाकून ऐकत बसलेत. पिंजऱ्यातला पोपटही असाच ऐटीत बसत असणार. त्याला निदान पेरू मिळतो.

एकदा बैठक झाडत होते. बीबीसाहेबांचे दीर चाचासाहेब हैदराबादला शिकून आलेले. घरच्या मुलांना ते तिथं अर्थासकट अरबीचा सबक, म्हणजे धडा, देत. इनामदारांची नूरही त्यात. माझ्याच वयाची.

चाचासाहेब सांगत होते, "तीन अक्षरं. ऐन, लाम, मीम. ह्यांच्या पोटात जाणणं आहे. जाणलं ते इल्म. जो जाणतो तो आलिम. जे जाणलं गेलं ते मालूम. जो दुसऱ्याला जाणतं करतो तो मुअल्लिम, मास्तर. आणि मास्तर देतो ती तालीम."

माझी केरसुणी थांबली.

मालूम? अब्बा दिवसातनं कितीदा म्हणतात, "मला काय मालूम!" आणि तालीम? आमच्या गल्लीच्या मागं तालीमच हाय की! लाल मातीत पहिलवान घुमतात, वस्ताद ओरडतो. शाळेत गॅदरिंगच्या नाटकाची तालीम होते. हे सगळं एकाच बीचं? चाचासाहेब पुढं सांगत होते. मोहरमात मिरवतो तो अलम, निशाण, कारण त्यावरनं ओळखायचं. आणि आलम म्हणजे अख्खी दुनिया. आलम दुनिया म्हणतो की आपण!

मी ती एकच फरशी झाडत राहिले. एवढी झाडली की फरशीला लाज वाटली असेल. जे मी पडवीत बसून न समजता वाचत होते, ते माझ्याच गल्लीत, माझ्याच बापाच्या तोंडात होतं. आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासनं मला दुसरं काही सुचेना. मला आत बसायचं होतं. सतरंजीवर.

संधी आली. नूरचं कुराणाचं पूर्ण वाचन संपलं होतं, त्याचा समारंभ ठरला. सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं. नूर बिचारी वाईट नव्हती, पण चार माणसं दिसली की तिचा आवाज बसायचा. बीबीसाहेबांनी मला माजघरात बोलावलं. नूर जरीची ओढणी हनुवटीखाली ओढून, मान घालून बसणार. तिच्या पाठीमागं दाराचा पडदा. पडद्याआड मी. नूरनं बांगड्या वाजवल्या की मी वाचायचं.

मी म्हटलं, "मग मला चाचासाहेबांच्या सबकाला बसवा."

"बसवते की. त्यात काय."

वाचलं मी. असं वाचलं की बायकांनी डोळे पुसले. गळा माझा, हार नूरच्या गळ्यात. मला पडवीत वाटीभर खीर आणि नूरची जुनी ओढणी मिळाली. आणि ही महाराणी खूश! ओढणी नाचवत घरी आली. डोक्यात एकच, उद्या सबक.

तो उद्या म्हणजे ते दार. ती पाटी. "पिंजाऱ्यानं कापूस पिंजायचा."

मी बीबीसाहेबांकडं गेले. म्हटलं, तुम्ही बसवते म्हणाला होता. त्या सुपारी कातरत होत्या. म्हणाल्या, "मतलब जानके क्या करेगी? रजई में भरेगी?"

स्वयंपाकघरातल्या बायका पोट धरून हसल्या. ह्या वेळी मी हसले नाही. एवढी तरी अक्कल आली.

आईला सांगितलं. आई म्हणाली, "गप बस. गाद्यांचं काम त्यांच्याकडनं येतंय. उद्या येळंवर जा झाडायला." आणि मी गेले की! आता माझ्या नातवंडांना सगळे म्हणतात, तुमची आजी लहानपणापासून वाघीण. कसली वाघीण? दुसऱ्या दिवशी केरसुणी हातात घेऊन हजर. फक्त बैठक झाडताना आता आतला सबक थांबायचा. मी बाहेर पडेपर्यंत चाचासाहेब डोळे मिटून बसायचे. माझ्या कानाला विटाळ होता.

मग कागलचे पावणे आले, नूरला बघायला. त्यांनी ऐकलं होतं, मुलगी काय सुंदर वाचते. पुन्हा मला माजघरात बोलावणं. पुन्हा पडदा. ह्या वेळी मी काही मागितलं नाही, आणि बीबीसाहेबांनीही काही कबूल केलं नाही. गरजच वाटली नसेल.

पडद्याआड बसले. पडद्याला अत्तराचा वास. पलीकडं नूरची पाठ. मला एकदम वाटलं, ही पाठ काय आणि मी काय. दोघींच्या तोंडावर कापड. पण ती उठून आत सबकाला जाणार. मी उठून भांडी घासणार.

बांगड्या वाजल्या.

मी गप्प.

पुन्हा वाजल्या. जरा जोरात.

मी गप्प. नूरनं तिसऱ्यांदा हात असा हलवला की एक बांगडी फुटलीच. पावण्यांतली एक म्हातारी म्हणाली, "पोरगी बांगड्या लई ग्वाड वाजवती हो. आता वाचू द्या की."

बीबीसाहेबांनी पडद्यात हात घालून माझा दंड चिमटला. मी उठले. पडदा बाजूला सारला आणि बाहेर आले.

"वाचणारी मी हाय," मी म्हटलं. "मागच्या वेळीबी मीच हुते. मला अर्थ शिकवतो म्हणाला हुता तुमी. शिकवला न्हाई. आता मी वाचत न्हाई."

मला वाटलं होतं, छत कोसळणार. काही कोसळलं नाही. एक पावणी शेवया खात होती, ती खातच राहिली. म्हातारीनं विचारलं, "कुणाची गं तू?"

"पिंजाऱ्याची."

"आस्सं," ती म्हणाली, आणि बीबीसाहेबांकडं बघून हसली. "नोकर माणसं डोक्यावर बसवली की असं व्हतंय."

संपलं. फसवणुकीचा राग कुणालाच आला नाही. राग आला तो मी बाहेर आल्याचा. लग्न ठरलंच. घराण्याला घराणं मिळालं. वाचन कुणाला पाहिजे होतं? लग्नाच्या गाद्या मात्र दुसऱ्याकडं भरायला गेल्या. अब्बा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. आईनं उलथन्यानं मारलं. मारून दमली, मग माझ्याच शेजारी बसली आणि म्हणाली, "गळा तुझा हाय. त्यांच्या बापाचा हाय व्हय?" एवढं एकच वाक्य. दुसऱ्या दिवशी झाडायला जा म्हणाली नाही.

अरबी मी पुढं कशी शिकले ते सांगत बसत नाही. तुकड्यातुकड्यांनी, उशिरा, पोरं पदरात असताना. सरळ वाट कुणी दिली नाही. एका जुन्या शब्दकोशात ते मूळ पुन्हा भेटलं. ऐन, लाम, मीम. खाली चाचासाहेबांनी सांगितलेली सगळी रूपं होती. आणि खाली आणखी एक. इस्तिअलाम. म्हणजे विचारणा, माहिती मागणं. जाणण्याच्या त्याच मुळातून विचारणंही उगवलेलं. त्यांनी ते मुलांना कधी सांगितलं असेल का, मला काय मालूम. त्या रात्री मी चुलीपुढं बसून जाम शिव्या दिल्या. कुणाला ते विचारू नका.

आता दुपारी गल्लीतल्या पोरी माझ्याकडं शिकायला येतात. नवी पोर आली की पहिल्यांदा कोपऱ्यात केरसुणी शोधते. आईनं सांगून पाठवलेलं असतं. मी केरसुणी पलंगाखाली लपवून ठेवते. माझं घर मी झाडते.

परवा एक भला माणूस आला. स्वच्छ दाढी, गोड बोलणं. म्हणाला, "आजी, पोरींना नुसतं वाचायला शिकवा. अर्थाच्या भानगडीत कशाला पडता? त्यांचं वय आहे का?" तोच आवाज हो! इतक्या वर्षांत चाचासाहेब मेले, बीबीसाहेब मेल्या, आवाज मेला नाही.

मी त्याला चहा दिला. आणि सांगितलं, ते तुम्हालाही सांगते. माझ्या घरात अर्थ आधी, वाचन मागनं. पोर विचारणार. मी सांगणार. मला येत नसेल तर न्हाई येत म्हणणार, आणि शोधून सांगणार. ज्याला पटत नसेल त्यानं आपली पोर पाठवू नये. आणि तुम्हालाच ऐकायचं असेल तर दुपारी या. सतरंजी पोरींनी भरलेली असते. चपलांजवळ बसावं लागेल.