माझा नियम आणि माझा पदर

हसायचं तर खुशाल हसा, पण चहा निवायच्या आत माझा मूर्खपणा पुरता ऐकून घ्या. आणि आधीच बजावते, मी माफीबिफी मागणार नाही. फजिती झाली, कबूल. पण म्हणणं माझंच बरोबर होतं!

तेव्हा मी नागपूरला डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होते. मोहर्लीकडच्या आमच्या गावातून डॉक्टरकी शिकायला गेलेली पहिली मुलगी, तेव्हा नाक किती वर गेलं असेल ते तुम्हीच समजा. हात धुण्यावर प्रश्न आला की मी पुरवण्या जोडायची. नखं, बोटांच्या बेचक्या, मनगट, कोपर, काही म्हणून सोडायची नाही.

दिवाळीच्या सुट्टीत चांद्याहून बैलबंडीने घरी पोचले, तर सुमनताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. मला एकच हवं होतं. ताईचं मूल पहिल्यांदा माझ्या हातात यावं.

पण गावात भागाबाई दाई होती. मलाही तिनेच जगात आणलेलं. ती हात धुवायची गरम पाण्याने आणि चुलीतल्या राखेने. राखेने! मी आईला ठणकावून सांगितलं, भागाबाईला बोलवायचं नाही, सगळं मी करीन. ताई मात्र म्हणाली, "तू ये ना आत. पन भागाबाई पाह्यजे मले."

झालं. कळा सुरू झाल्या त्या दिवशी सकाळीच मी भागाबाईला अंगणात उभं केलं, कार्बोलिक साबणाची वडी तिच्या हातात दिली आणि सगळ्या घरादेखत नियम सांगितला. हात धुतल्याशिवाय खोलीत कोणी जायचं नाही. धुतलेला हात कशालाही लागला, की परत पहिल्यापासून धुवायचा. मग तो कोणीही असो.

भागाबाईने विचारलं, "कोनी बी?"

"कोणीही," मी म्हणाले. हा शब्द मी का उच्चारला, देव जाणे.

दुपारी वेळ भरत आली. भागाबाईने साबणाने हात धुतले. माझ्या समाधानासाठी साबण, स्वतःच्या समाधानासाठी राख, मग पुन्हा साबण. ओले हात अंगापासून लांब धरून तिने कोपराने दार लोटलं आणि आत गेली. हे तिला कोणी शिकवलं होतं?

मग मी धुतले. पुस्तकात दिलंय तसे, बेचक्या-बिचक्यांसकट. आईने पाणी ओतलं. मी ऐटीत दारात गेले. भागाबाईने मला खालून वर न्याहाळलं.

"पदर ओला कसा झाला, डाक्टरीनबाई?"

मी खाली पाहिलं. हात पुसले होते की हो! त्याच पदराने सकाळी मी चुलीवरचं भांडं उतरवलं होतं, कंदिलाची काच पुसली होती, आणि गोठ्यातल्या गोऱ्ह्याने तो थोडा चघळलाही होता.

"जा माय, धुवून ये," ती म्हणाली. "नेम तुयाच हाय."

परत धुतले. या वेळी पदर कंबरेला घट्ट खोचला. पण दारात येऊन गप्प बसेन तर ती मी कसली? मी तिला सुनावायला लागले, की पुस्तकात निर्जंतुक टॉवेल असतो, इथे तो नाही, मग माणसाने करायचं काय? मुद्दा बिनतोड होता. आजही आहे.

भागाबाईने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बोलनं बराबर हाय तुयं. पन हात कुठी हायेत?"

हात कमरेवर होते. दोन्ही. भांडताना माझे हात तिथेच जातात, त्याला मी काय करू? आतून ताई कळा देता देता हसली. सख्खी बहीण!

तिसऱ्यांदा धुवायला गेले, तर गरम पाणी संपलेलं. आई चूल फुंकत होती, मी कोपरापर्यंत फेस घेऊन अंगणात उभी होते, आणि आत ट्यांहां झालं. ताईचं मूल पहिल्यांदा भागाबाईच्या हातात गेलं. मुलगी. मी साबणाच्या हातांनीच डोळे पुसत रडले. डोळे असे चुरचुरले, की ते रडणं कशाचं हे कोणाला कळलंच नाही, तेवढंच बरं.

भागाबाई बाहेर आली तेव्हा म्हणाली, "साबून चांगला हाय तुयावाला." वडी तिने ठेवून घेतली. मी मागितली नाही.

आता मी डॉक्टर आहे. माझ्या दवाखान्यात हात धुतल्याशिवाय कोणाची आत यायची टाप नाही. आणि भाची झालीय पाच वर्षांची. ही सगळी कथा तिला भागाबाईने घोटून पाजलेली.

परवा गावी गेले. आधी हात धुतले, बेचक्यांसकट, मग तिला उचलायला वाकले.

"मावशी, थांब. पह्यले दाखव."

मी मोठ्या दिमाखात दोन्ही हात पुढे केले. पोरगी हातांकडे बघेचना. ती माझ्या पदराकडे बघत होती. तो ओला होता.