नगरातल्या बायका

इथल्या, आखातातल्या आमच्या मराठी मंडळाने यंदा एक ग्रीक शोकांतिका मराठीत करायची ठरवली आणि मला कोरसमध्ये घेतलं. कोरस म्हणजे नगरातल्या बायका. राणीचं घर बुडताना आम्ही बाजूला उभं राहून बघायचं, हळहळायचं, देवांना जाब विचारायचा. राणीला हात मात्र लावायचा नाही. "तुम्ही काही करत नाही, हेच तुमचं काम," दिग्दर्शक म्हणायचे. मी म्हटलं, "मग जमलंच. सासरी तेच करत आले."

जमत मात्र नव्हतं. अल मनखूलला एका मैत्रिणीच्या हॉलमध्ये तालीम व्हायची. "हाय हाय, या घराचं काय होणार!" एवढं एक वाक्य, पण एकीचं आधी सुटायचं, दुसरीचं मागे रेंगाळायचं. दिग्दर्शक कपाळाला हात लावायचे. "अहो, नगर एका सुरात बोलतं! तुमचा तर मासळी बाजार झालाय."

मग नवऱ्याची नोकरी गेली. त्याच्या वयाच्या माणसाला दुसरं कुणी घेईना, आणि आमचे सगळ्यांचे व्हिसा त्याच्याच नोकरीवर. या महिन्यात काही मिळालं नाही तर बर्शा भागातलं घर सोडून मायदेशी परत जायचं. लेकीचं बारावीचं वर्ष अर्ध्यावर. ती म्हणाली, "आय ॲम नॉट गोइंग, आई." जणू तिला कुणी विचारणार होतं.

तालमीला सांगून टाकलं. अडला हरी, आणखी काय! "तुमच्या नवऱ्यांच्या ऑफिसात काही असेल तर बघा गं."

मग सगळ्या एकदम म्हणाल्या, "होईल गं, इन्शाल्ला!"

मूळचा श्रद्धेचा शब्द. आमच्या तोंडी त्याचा अर्थ 'विषय संपला' एवढाच उरलाय.

"हेच! असंच हवंय!" दिग्दर्शक उठून उभेच राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते खाली बसले. मला कुणाचा रागही धड येईना.

नोकरी मिळाली नाही. कोरसची काळी साडी परत द्यायला गेले, तेव्हा बायकांनी मिठ्या मारल्या. दोघी रडल्या, अगदी खरं रडल्या.

"माझ्या जागी कोण?" मी विचारलं.

"कुणी नको. कोरसमध्ये एक कमी झालेली कळत नाही," दिग्दर्शक म्हणाले आणि बायकांकडे वळले. "जरा सरकून घ्या."

त्या सरकल्या. मी दारात चपला घालत होते तेव्हा मागून आवाज आला, "हाय हाय, या घराचं काय होणार!"

एका सुरात.