फाटक्या बैठकीच्या खुर्च्या

आमच्या वारज्याच्या फ्लॅटमध्ये कोणी आलं की त्यांनी चपला काढायच्या आत मी ओरडते, "त्या खुर्चीवर नका बसू!" कारण आमच्याकडे निदान एका खुर्चीला तरी कायम बैठक नसते. नुसती लाकडी चौकट आणि मध्ये भगदाड. एकदा सोसायटीचे सेक्रेटरी माझं ऐकायच्या आत बसले आणि अडकले. दोघांनी धरून त्यांना वर ओढलं. माझे यजमान तेवढ्यातही म्हणाले, "बसलाच आहात तर मीटिंग उरकून घ्या." ते सेक्रेटरी नंतर आमच्याकडे आले ते दारातूनच बोलून गेले.

ह्यांना जुन्या खुर्च्यांचा नाद. नोकरी सरकारी कचेरीतली, आयुष्य फायलींवर सह्या करण्यात गेलं. पण रविवार उजाडला की जुन्या बाजारात. मी बरोबर जायचे, सुरुवातीला नाइलाजाने आणि पुढे आवडीने. खुर्ची निवडायचे ह्यांचे नियम होते. पहिला, खुर्चीला हात नकोत. "हात असलेल्या खुर्चीत पाहुणा टेकला की जेवूनच उठतो. बिनहाताची असली की चहावर भागतं." दुसरा नियम ऐकून दुकानदार हसायचे. बैठक फाटकीच हवी. धडधाकट वेताची खुर्ची कोणी पुढे केली तर हे ती बाजूला सारायचे. बैठक फाटलेली असली की चौकटीचं लाकूड आतून दिसतं, सांधे दिसतात, वाळवी लागली असेल तर तीही दिसते. आणि बैठक काय, ती हे स्वतः विणणारच होते.

तिसरा नियम मात्र नियम नव्हता, तो संताप होता. वेताची बैठक गेली म्हणून तिथे प्लायवुडची फळी ठोकलेली खुर्ची दिसली की ह्यांचं डोकं फिरायचं. शनिवार पेठेतल्या एका नातेवाइकांकडे अशी खुर्ची पुढे आली तेव्हा हे अख्खा वेळ उभे राहिले. "बसा की," ते म्हणाले. "नको. पाटावर बसायची सवय राहिली नाही," हे म्हणाले. मी घरी येईपर्यंत ह्यांच्याशी बोलले नाही.

विणकाम बाल्कनीत चालायचं. वेताच्या पट्ट्या बादलीत भिजत घातलेल्या, ह्यांच्या मांडीवर ओला पंचा, चौकटीच्या कडेने ओळीने भोकं. आधी उभ्या पट्ट्या, मग आडव्या, मग तिरक्या. पट्टी ताणून धरायची आणि सुटू नये म्हणून भोकात लाकडाची खुंटी दाबायची. माझं काम खाली बसायचं आणि ह्यांनी खाली सोडलेलं टोक पुढच्या भोकातून वर सारायचं. "अगं, शेजारच्या भोकात. ते नव्हे. चष्मा काय शोभेला लावलाय?" असं दोन-दोन तास चालायचं. इतकं बोलून घेणारी दुसरी मदतनीस ह्यांना अख्ख्या पुण्यात मिळाली नसती, आणि खरं सांगायचं तर मला ते तास फार आवडायचे.

मागच्या दिवाळीनंतर ह्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय जरा सुधारला, काठी घेऊन हे संडासापर्यंत जाऊ लागले. बोलणं शाबूत राहिलं. भेटायला येणारे म्हणायचे, "बोलता येतंय, तेवढं नशीब." मी मान डोलवायचे. उजवा हात मांडीवर ठेवला की तिथेच राहायचा, आणि कुणी उचलून ठेवल्याशिवाय हलायचा नाही.

उठताना धरायला काहीतरी हवं, म्हणून मी हात असलेली प्लास्टिकची खुर्ची आणली. हे तिच्यात बसले, डाव्या हाताने तिचा हात चाचपला आणि म्हणाले, "बघ, आता मीच उठत नाही." मी हसले. त्यानंतर ह्यांनी असं काही बोलल्याचं मला आठवत नाही.

व्यायाम करून घ्यायला एक मुलगी येते, अमरावतीची. गोड आहे. "काका आज मस्त करून राहिले," ती रोज म्हणते. रोज म्हणते म्हणूनच माझा विश्वास उडाला होता. पण एकदा ती म्हणाली, "काकू, आवडीचं काम दिलं ना, तर हात कधी कधी रिस्पॉन्स देतो." ह्या एका वाक्यावर मी पुढचे कित्येक दिवस काढले. मला तो हात परत हवा होता. माणूस पुन्हा चालला नसता तरी मी चालवून घेतलं असतं, पण बाल्कनीतून माझ्यावर ओरडणारा माणूस मला हवा होता.

म्हणून रविवारी मी एकटीच जुन्या बाजारात गेले. नेहमीच्या दुकानदाराने विचारलं, "काका नाही आले?" मी म्हटलं, "पुढच्या वेळी येतील." मग ह्यांच्यासारखी एकेक खुर्ची उलटी करून पाहिली. सांध्यात नख घातलं. सपाट फरशीवर ठेवून डुगडुगते का ते बघितलं. एक सागवानी खुर्ची होती, पाठ नाजूक वळणाची, पाय सडसडीत, हात नाहीत आणि बैठकीच्या जागी चार-दोन लोंबत्या काड्या. भोकं सगळी शाबूत. "ताई, ही घ्या ना, बसायला तरी येईल," म्हणत त्याने नायलॉनने विणलेली दुसरी पुढे केली. मी ती बाजूला सारली, आणि त्या क्षणी मला उगीचच वाटलं की सगळं ठीक होणार आहे.

घरी आणून मी ती ह्यांच्यासमोर उलटी धरली. ह्यांनी डावा हात चौकटीवरून फिरवला, सांधे चाचपले, एका भोकात करंगळी घातली. मी वाट बघत होते की आता काढतील काहीतरी खोट. पाय नंतर बसवलाय, पॉलिश फासलंय, डोळे मिटून घेतलीस का, काहीतरी.

"चांगली निवडलीस," हे म्हणाले.

इतक्या वर्षांच्या संसारात हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले, आणि खुर्ची आणखी जवळ धरून म्हटलं, नीट बघा.

तरी मी वेत भिजत घातला. व्यायामाची मुलगी उत्साहाने लवकर आली. तिने ह्यांच्या उजव्या मुठीत पट्टी दिली, बोटं मिटवली, वरून स्वतःचा हात ठेवला. मी खाली फरशीवर बसले. पट्टी पहिल्या भोकातून खाली आली, मी पुढच्या भोकातून वर सारली. वर ताणायला कोणी नव्हतं. मुठीतून पट्टी घसरली. पुन्हा दिली, पुन्हा घसरली. डाव्या हाताने ह्यांनी कशाबशा काही उभ्या पट्ट्या ओवल्या, सगळ्या सैल. मी मुद्दाम एक टोक चुकीच्या भोकात सारलं. मग आणखी एक. दोन्ही चुका ह्यांना दिसत होत्या. हे पुढची पट्टी ओवत राहिले. उन्हाने वेत वाळत गेला आणि ओढताना एक पट्टी कडकन तुटली.

"काका, उद्या करू," मुलगी म्हणाली.

उद्या, परवा करत आठवडे गेले. मी रोज पट्ट्या भिजवायचे आणि संध्याकाळी वाळत टाकायचे. एके दिवशी सकाळी चहा पिताना ह्यांनी बाल्कनीकडे बघत म्हटलं, "मिस्त्रीला बोलाव. फळी ठोकून घे."

"कशाला?" मी म्हटलं. "हात येईल की."

"लोकांना बसायला नको का?" हे म्हणाले. आवाजात राग नव्हता, चेष्टाही नव्हती. मी आत जाऊन ओट्याशी रडले.

कोपऱ्यावरचे सुतार आले. चांगले होते बिचारे. मी सैल पट्ट्या कात्रीने कापून काढल्या. त्यांनी मापाने प्लायवुड कापलं, चौकटीवर ठेवलं आणि सरळ भोकांच्या ओळीतच पहिला खिळा मारला. दुसऱ्या खिळ्याला लाकूड तडकल्याचा आवाज आला. सागवानाला भोकांच्या ओळीने या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर गेली. सुतारांनी जीभ चावली आणि आमच्याकडे पाहिलं.

मीही ह्यांच्याकडे पाहिलं. खुर्चीची पाठ धरून मी खरोखर वाट बघत होते. काय म्हणाल ते म्हणा त्यांना. मला म्हणा. घर डोक्यावर घ्या.

ह्यांनी त्या चिरेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मिस्त्रींना चहा टाक," हे म्हणाले.