पेटीचा धनी

धनीभाऊ गेल्या हिवाळ्यात वारले. त्याच्या काही वर्षे आधी, एका शनिवारी, त्यांनी बंगळुरूला प्रोग्रामरांच्या एका सभेत भाषण केले. ‘ही पेटी मी तयार केली,’ असे ते त्यात म्हणाले. ती आम्ही दोघांनी केली होती. त्या दिवसानंतर आम्ही एकत्र काम केले नाही.

वाशीमला बसस्टँडमागे आमच्या ऑफिसच्या दोन खोल्या होत्या. वजनकाट्यांचे सॉफ्टवेअर आम्ही सी प्लस प्लस या संगणकाच्या भाषेत लिहायचो. भाऊ मूळचे रिठदचे. कुणाचाही कोड बघायला बसले की एखाद्या ओळीवर बोट ठेवून त्यांचा पहिला प्रश्न असे, ‘याचा धनी कोन?’ म्हणजे प्रोग्राममधली ही वस्तू कुणाच्या ताब्यात आहे, आणि काम झाल्यावर ती मोडून मेमरीतली जागा मोकळी कोण करणार. आमच्याकडे जुन्या बायका नवऱ्याला धनी म्हणतात. मी नवीन असताना तो प्रश्न ऐकून मान खाली घातली. शेजारची रेखा ओढणी तोंडाशी धरून म्हणाली, ‘भाऊ, तिचं अजून जमाचं हाये.’ सगळ्यांत जास्त भाऊच हसले, आणि तेव्हापासून त्यांचेच नाव धनीभाऊ पडले.

जिची नक्कल निघत नाही, जी फक्त एका हातातून दुसऱ्या हातात जाते, अशा वस्तूंवर त्यांचा जीव होता. मालकी वाटून घेण्याचीही सोय भाषेत आहे, पण ती वापरलेली दिसली की ते खुर्ची मागे सारत. ‘सामायिक विहिरीतला गाळ काढाले कोन उतरते, सांगा मले?’

त्या भाषेतल्या ‘मूव्ह’ या शब्दावर त्यांचा राग होता. ते म्हणत, ‘नाव मोठं, काम काहीच नाही. हे स्वतः काही हालवत नाही. नुसतं म्हनते, घेऊन जा, माही हरकत नाही. नेनारा दुसराच असते.’ मी हे वाक्य नंतर आलेल्या सगळ्या मुलामुलींना याच शब्दांत शिकवले. अजून शिकवते.

पेटीची गोष्ट अशी. भाषेच्या स्वतःच्या लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या साठ्यात, एक पेटी होती. एखादे काम तिच्यात भरून ठेवायचे आणि वेळ आली की करवून घ्यायचे. पण आत जे भराल त्याची नक्कल निघालीच पाहिजे, अशी तिची अट. आमची काट्याशी असलेली जोडणी एकाच धन्याची. तिची नक्कल कशी निघणार? भाऊ म्हणाले, ‘आपली पेटी आपनच करू.’

आराखडा त्यांचा. लिहिताना अडलो ते एका पेटीतली वस्तू दुसऱ्या पेटीकडे सोपवताना. वस्तू दिल्यावरही पहिली पेटी ती आपलीच समजायची. शेवटी दोन्ही पेट्या तीच वस्तू मोडायला जायच्या आणि प्रोग्राम कोसळायचा. छोट्या वस्तूंना हे होत नसे, मोठ्यांनाच होई, त्यामुळे भाऊंना कारण सापडेना. ते मला सापडले, आणि तो सगळा भाग मी नव्याने लिहिला. भाऊंनी तो दोनदा वाचला. ‘बाप्पा,’ ते म्हणाले, ‘बाई, ही पेटी तर तुमचीच झाली.’

भाषणाची चित्रफीत आम्ही ऑफिसात सगळ्यांनी मिळून पाहिली. रेखाने माझ्याकडे एकदा बघितले आणि चहा करायला उठली. भाऊ परत आले ते म्हैसूरपाक घेऊन.

‘भाऊ, तुमी “मी” म्हनलं,’ मी म्हणाले.

‘काय?’

‘भाषनात. “आमी” नाही म्हनलं.’

‘अवं बाई, तिथं बोलाले वेळ केवढा भेटते? कोनाकोनाचं नाव घेऊ?’

‘एकच तर होतं.’

त्यांनी म्हैसूरपाकाच्या खोक्याची दोरी सोडली. मग हसून म्हणाले, ‘आता तुमीच सांगा. एका वस्तूचे दोन धनी कसे लिहू?’

पेटी गेल्याचे वाईट वाटले. पण जे मला शिकवले तेच त्यांनी माझ्या तोंडावर दार लावायला वापरले, ते मी अजून विसरले नाही. त्या भाषणावर त्यांना बंगळुरूला नोकरी मिळाली आणि ते गेले. एकदा फोन आला. ‘बाई, तुमी नसत्या तं ते पेटी अजून कोसळूनच राह्यली असती.’

‘हे कुठं लिहान काय, भाऊ?’

त्यांनी रिठदच्या तुरीचा विषय काढला.

ते वारल्यावर मी रिठदला गेले. वहिनींनी जमलेल्या बायांना माझी ओळख करून दिली, ‘ह्या वाशीमच्या ऑफिसातल्या बाई. यायले सारं आमच्या ह्यायनंच शिकोलं.’ ते खरेच होते. मी मान हलवली.

आता भाषेच्या लायब्ररीतच नक्कल न मागणारी पेटी आली आहे. आमची कुणाला लागत नाही. रिसोडच्या एका डाळ मिलच्या काट्यावर ती अजून चालते. तिच्या कोडच्या पहिल्या ओळीत त्यांचे नाव आहे. काही बिघडले की फोन मला येतो.