बावीस आदेश आणि एक फ्रेशर

आज दुपारी नगरच्या रोजगार केंद्रात मी एक्कावन्नाव्या वर्षी फ्रेशर झालो.

उद्याच्या रोजगार मेळाव्यात काष्टीकडचं एक ज्युनियर कॉलेज मराठीचा शिक्षक घेणार आहे. अट दहा वर्षांच्या अनुभवाची. मी बावीस वर्षं शिकवलं, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे जुलैत आदेश, मार्चअखेर सेवा समाप्त, पुढच्या जुलैत नवा आदेश. यंदा तो आलाच नाही.

बावीस आदेश काउंटरवर ठेवले. मॅडमनी एकेक पाहिला.

“सर, अनुभव सलग लागतो. हा दरवर्षी तुटतोय.”

“कॉलेजच तोडायचं तो.”

“मधल्या तीन महिन्यांत बेरोजगार म्हणून नाव नोंदवलं होतं का?”

“नाही.”

“मग मधल्या खंडाला पुरावा नाही. फ्रेशर टाका. नाहीतर फॉर्म पुढं जात नाही.”

मागे उभे असलेले एक काका हसले. “टाका सर. मी बी टाकलंय. तीस वर्षं कारखान्यात लेथवर हुतो. आता दोघांना फ्रेशर पार्टी द्या म्हनावं.”

मी फ्रेशर लिहिलं. फॉर्म पुढे गेला. उद्याच्या माझ्या मुलाखतींची यादी आली, तिच्यात ते ज्युनियर कॉलेज नव्हतं.

मॅडमशी माझं भांडण नाही. मी त्या बावीस एप्रिलांवर संतापलो आहे. दर एप्रिलमध्ये कॉलेजनं मला बोलावून उत्तरपत्रिका तपासून घेतल्या आणि कागदावर मी तिथे नव्हतोच.

तासिकेवर शिकवणाऱ्या मित्रांनो, एप्रिलमध्ये तुम्हालाही बोलावतात ना? त्या दिवशी बोलावणं लेखी मागाल का? मी एकदाही मागितलं नाही.