उन्हात वाळवलेल्या फ्लॉप्या

वलवणला पावसाळ्यात चपलेपासून देवाच्या पोथीपर्यंत सगळ्याला बुरशी धरते. म्हणून पाऊस सरून कडक ऊन पडलं की मुक्ताबाई घरातलं सगळं पत्र्यावर घालायच्या. गोधड्या, डाळी, ट्रंकेतली लुगडी आणि थोरल्या लेकीच्या, राजेश्वरीच्या, कॉम्प्युटरच्या फ्लॉप्या.

शेजारची हसिना खालून ओरडायची, "मावशी, हे काळे पापड तळणार कधी?"

"तुझ्या दातांना झेपायचे न्हाईत गं."

राजेश्वरी दहावीत असताना काविळीनं गेली. तिचे वडील सीताराम एका बंगल्यावर माळी होते. तिथल्या मालकांनी तिला टीव्हीला जोडायचा जुना कॉम्प्युटर दिला होता. त्यावर तिनं स्वतः एक खेळ केला होता. डोक्यावर पाटी घेतलेली बाई डोंगर चढते, करवंदं वेचते. "आये, ही तू," ती म्हणायची. बाई घसरून पडली की खाली अक्षरं यायची. मुक्ताबाईंना वाचता येत नव्हतं. राजेश्वरी वाचून दाखवायची, "आये, ऊठ."

ती गेली आणि कॉम्प्युटर माळ्यावर गेला. खेळ त्या काळ्या चौकोनांत आहे आणि चौकोनांना ओल लागू द्यायची नाही, एवढंच मुक्ताबाईंनी धरून ठेवलं.

यंदा त्यांना दिसायला कमी झालं. "डोळं हायत तवर ती बाई बघू दे एकदा," त्या धाकट्या अनिताला म्हणाल्या. तळेगावच्या कंपनीत कामाला असलेल्या अनितानं जुना कॉम्प्युटर दुरुस्त करून घेतला आणि केबलनं लॅपटॉपला जोडला. जुन्यानं फ्लॉपी वाचायची, तिची आख्खी नक्कल लॅपटॉपमध्ये उतरायची, मग खेळ तिथंच चालला असता.

पहिली फ्लॉपी खरखरली आणि थांबली. दुसरीही. अनितानं एकीचं वरचं काळं पाकीट कापलं. आतली चकती लाटांसारखी वाकलेली. दुसऱ्या पाकिटात घालून पाहिली, तरी अडली. एकेक करून सगळ्या गेल्या.

राहिली एक. माळ्यावरून कॉम्प्युटर उतरवताना ट्रंकेमागे सापडलेली, बुरशीनं पांढरी झालेली. "टाकून दे ती," मुक्ताबाई म्हणाल्या. अनितानं ती स्पिरिटनं पुसली, घातली. नक्कल बिनतक्रार उतरली.

लॅपटॉपवर डोंगर आला. पायथ्याशी पाटीवाली बाई उभी राहिली. खाली अक्षरं आली.

मुक्ताबाई पडद्याला नाक लावून बसल्या. "काय लिवलंय?"

अनितानं वाचलं, "दुसरी फ्लॉपी घाला."

मुक्ताबाईंनी वाकलेली चकती बोटांनी चाचपली. मग जुन्या कॉम्प्युटरातल्या फ्लॉपीकडं हात करत म्हणाल्या, "हिला ऊन न्हाई लागलं कदी. मागं पडून ऱ्हायली."

"आये, जुन्या झाल्या होत्या त्या."

"समद्या एकाच वयाच्या व्हत्या."

अनितानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी तो बाजूला केला.

"बंद कर ते. उगा उभी कशाला ठिवतीस तिला."